सायकलच्या आऱ्यांचे गणित

चाक आऱ्यांवर उभे असते असा आपला समज असतो. बैलगाडीच्या बाबतीत तो खरा आहे. तिचे लाकडी आरे दाबाखाली भार पेलतात. सायकलचे तारेचे आरे मात्र दाबले तर वाकतील. म्हणून ते आधीच ताणून बसवितात. भार आला की जमिनीलगतच्या आऱ्यांचा ताण तेवढा कमी होतो. ताणलेल्या आऱ्यांचे चाक जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये सुचविले. १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली यांनी तिरक्या आऱ्यांच्या चाकाचे पेटंट घेतले. तिरकसपणामुळे पायडलचा जोर हबकडून रिमपर्यंत नीट पोचतो.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत सायकल चालविणाऱ्यांना पावसाळ्यातील खड्ड्यांची महती सांगावयास नको. रिम वाकते; हब मात्र शाबूत असतो. त्याच हबवर नवी रिम बांधता येते. पण तिला जुने आरे जुळतीलच असे नाही. आऱ्याच्या टोकाला आटे असतात जेमतेम १० मिलिमीटर. आरा लांब झाला तर टोक वर येऊन ट्यूब फोडते. आखूड झाला तर निपल पुरेसे आटे पकडीत नाही. म्हणून खरेदीपूर्वी हिशेब हवा.

तीन मापे घ्यावीत. रिमच्या समोरासमोरच्या भोकांत निपल बसवून त्यांच्या डोक्यांवरील खाचांमधले अंतर मोजावे. त्याचे निम्मे म्हणजे ‘र’. हबच्या चकतीवरील भोकांच्या वर्तुळाची त्रिज्या ‘ह’. चाकाच्या मध्यापासून चकतीचे अंतर ‘अ’.

३६ आऱ्यांच्या चाकात प्रत्येक चकतीला १८ आरे, म्हणजे दोन भोकांत २० अंश. प्रत्येक आरा तिघांना छेदीत असेल तर कोन ६० अंशांचा होतो, आणि ६० अंशांची कोज्या नेमकी अर्धी! त्यामुळे सूत्र सोपे होते:

लांबी = √(र² + ह² + अ² − र×ह) − हबच्या भोकाची त्रिज्या

समजा र ३००, ह २२, अ ३५ आणि भोकाची त्रिज्या १.३ मिलिमीटर आहे.

९०००० + ४८४ + १२२५ − ६६०० = ८५१०९

वर्गमूळ सुमारे २९१.७, वजाबाकीनंतर लांबी २९०.४. गिअरच्या सायकलीत मागील चाकाची उजवी चकती मध्याच्या जवळ असते. तेथे अ २० धरल्यास उत्तर २८९.० येते. म्हणजे एकाच चाकाला दोन मापांचे आरे लागतात!

आऱ्यांची संख्या किंवा छेद बदलले तर कोन बदलतो. मग ‘र×ह’ ऐवजी ‘२×र×ह×कोज्या’ घ्यावे. ४० आरे व चार छेद असता कोन ७२ अंश, कोज्या ०.३०९.

या साऱ्याच्या मुळाशी भुज, कोटी आणि कर्ण यांचाच नियम आहे. तो बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही आहे. शाळा सुटताच गणिताला रामराम ठोकणाऱ्या आम्हां कलाशाखीयांनाही तो पेलण्याजोगा आहे. मापे दोनदा घ्यावीत, हिशेब कागदावर मांडावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी. चाकाची आऊट काढण्याचे कसब हाताला सरावानेच येईल; पण आरे चुकीच्या मापाचे असतील तर तो सरावही व्यर्थ जाईल.