भाषेचा वंश आणि माणसाचा वंश : जनुकीय खुणांची साक्ष

मराठी ही इंडो-आर्य कुळातील भाषा होय. त्यावरून मराठी भाषकांचे सर्व पूर्वज एकाच वाटेने आले, असे अनुमान पुष्कळदा काढले जाते. ते टिकते का, हे येथे पाहावयाचे आहे.

डीएनएची नक्कल होताना क्वचित एखादा बदल घडतो व तो पुढील पिढ्यांत उतरतो. असा बदल म्हणजे जनुकीय खूण. मायटोकॉन्ड्रियातील डीएनए केवळ आईकडून मिळतो. वाय गुणसूत्र केवळ पित्याकडून पुत्राकडे जाते. भारतात सर्वत्र आढळणारा मातृवंशाचा ‘एम’ गट आफ्रिकेबाहेर पडलेल्या आद्य मानवसमूहांशी जोडला जातो. हा काळ सुमारे ५०,००० ते ७०,००० वर्षांपूर्वीचा. तेव्हा मराठी तर नव्हतीच, तिचे भाषाकुळही नव्हते! मात्र पाच पिढ्या मागे गेल्यास आपले ३२ पूर्वज भरतात, आणि या दोन खुणा त्यांतील फार तर दोघांविषयी बोलतात. म्हणून आता संपूर्ण जनुकसंच तपासला जातो.

अलीकडच्या काळातील, पण बोलके उदाहरण कोकणातील बेने इस्रायल समाजाचे. मातृभाषा मराठी, आडनावे गावावरून पडलेली ‘कर’प्रत्ययान्त. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरीव प्रमाणात आढळले. हे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे. त्यात पितृवंशाकडून ज्यू वाटा अधिक, मातृवंशाकडून स्थानिक. ‘मातृभाषा’ हा शब्द येथे अक्षरशः खरा ठरला, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. भाषा आईइतकीच शेजार आणि बाजारही शिकवतात, आणि त्याची नोंद रक्तात होत नाही.

रत्नागिरी तालुक्यात, हातखंब्याच्या तिठ्यापासून फार दूर नसलेल्या उक्षी येथे जांभ्या सड्यावर हत्तीचे प्रागैतिहासिक खोदचित्र आहे. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाडे सहसा टिकत नाहीत. साहजिकच प्राचीन डीएनए मिळणेही अवघड. आजच्या रहिवाशांच्या जनुकांवरून जुन्या स्थलांतरांचा अंदाज बांधता येईल. पण तो हत्ती कोरणाऱ्याने त्याला कोणत्या नावाने हाक मारली, हे त्यांतून कळणार नाही.

स्वाध्याय : आईच्या आईची आई मूळ कोणत्या गावची व घरात कोणती बोली बोलत असे, याची घरातील वडीलधाऱ्यांकडून माहिती घ्या. आपल्या आडनावातून तिच्याविषयी काय कळते, ते पाच ओळींत लिहा.