आधी डिस्का, मग डबा

भाचेबाई, घरातले फोटो, आजोबांच्या कॅसेटींवरून उतरवलेली भजनं, पॉलिसींची स्कॅन आणि जावईबापूंचे ते ड्रोनचे व्हिडिओ एका घरच्या नॅसमध्ये, म्हणजे सगळ्यांना नेटवर्कवरून उघडता येईल अशा सामाईक कपाटात, ठेवायचं तू मनावर घेतलंस, हे झकास झालं. पण पहिलाच प्रश्न ‘मामा, प्रोसेसर कुठला घेऊ?’ असा आला आणि मला हसू फुटलं. सगळे तोच विचारतात. नॅसमधला प्रोसेसर म्हणजे वरातीतला घोडा: नजर त्याच्यावरच जाते, पण लग्न काही त्याच्यावाचून अडत नाही. खरेदी कर ती खालच्या क्रमाने. पैसे संपले तर घोड्यापाशी संपू देत, डिस्कपाशी नकोत.

१. दुकानाची पायरी चढायच्या आधी घरातला सगळा डेटा मोज आणि येईल तो आकडा दुप्पट कर — फोन बदलला की त्याचा प्रत्येक व्हिडिओ आधीच्या फोनपेक्षा जाड निघतो.

२. ४ टीबीची डिस्क संगणकात ३.६४ दिसली तर दुकानदाराशी भांडू नकोस — कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ ने. मधल्या मधे कोणी काही काढून घेतलेलं नसतं.

३. जागा ऐंशी टक्के भरली की पुढच्या डिस्कचे पैसे बाजूला काढायला लाग — झेडएफएससारख्या फाइल सिस्टिम गच्च भरल्या की रखडायला लागतात.

४. डिस्क सीएमआर आहे की एसएमआर, हे विचारच. आणि दुकानदार ‘सगळं सेमच असतं मॅडम’ म्हणाला तरी मॉडेल नंबर टाकून कंपनीची डेटाशीट उघड — एसएमआरमध्ये शेजारचे ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर पुढचेही पुन्हा लिहावे लागतात.

रोजच्या वापरात हे लक्षातही येत नाही. एक डिस्क मेली, तिच्या जागी नवी घातली आणि तिच्यावर सगळं पुन्हा भरायची वेळ आली की कळतं: दिवसाभराचं काम आठवड्यावर जातं, कधी नवी डिस्क मधेच दम टाकते आणि सिस्टिम तिला खराब म्हणून बाहेर काढते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ नावाच्या, खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्का एसएमआर निघाल्या. गाजावाजा झाल्यावर कंपनीने सीएमआरवाल्यांना ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव दिलं. सीगेटची आयर्नवुल्फ मात्र सीएमआरच असते. लेबल वाचेल तो घेईल, डेटाशीट वाचेल तो झोपेल, हे माझं वाक्य फ्रिजवर चिकटव.

५. सीसीटीव्हीवाला स्वस्तात देतो म्हणून त्याच्याकडची डिस्क उचलू नकोस — ती कॅमेऱ्याचं चित्र अखंड लिहीत राहण्यासाठी जुळवलेली असते, चार जणांनी चार ठिकाणचं एकदम मागण्यासाठी नाही.

६. सगळ्या डिस्का एकाच दुकानातून एकाच दिवशी घेऊ नकोस. एक लॅमिंग्टन रोडवर घे, दुसरी पंधरा दिवसांनी दुसरीकडून — एकाच खेपेतल्या डिस्कांमध्ये दोष असला तर तो सगळ्यांमध्ये असतो, आणि मग त्या पाठोपाठ जातात.

७. बिलावर सिरियल नंबर लिहून घे आणि दुकानातच उभं राहून फोनवर कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपास — परदेशातून परस्पर आणलेल्या मालाला इथे वॉरंटी असेलच असं नाही.

८. ‘नवी आहे’ यावरही आंधळा विश्वास नको. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्का, चाललेल्या तासांचा आकडा पुसून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. डिस्कच्या आतली ‘फार्म’ नावाची दुसरी नोंद पुसायची राहिली होती, त्यातून लबाडी सापडली — म्हणून सीगेट घेतलीस तर स्मार्टकंट्रोल नावाच्या प्रोग्रामने दोन्ही आकडे ताडून बघ.

९. डिस्क आणल्या दिवशी तिच्यावर फोटो टाकू नकोस. आधी स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच स्वतःची तब्येत तपासते ती, लांब चाचणी, मग बॅडब्लॉक्स नावाच्या प्रोग्रामची, आणि मोठ्या डिस्कला यात दिवस गेले तर जाऊ देत — जी मरायचीच आहे ती दुकानदार बदलून देतो त्या मुदतीत मेलेली बरी.

१०. स्मार्टच्या यादीतले चारच आकडे पाठ कर: ५, १९७, १९८ आणि १९९. पहिले तीन शून्यच हवेत, शून्यावरून हलून वाढायला लागले की नवी डिस्क मागव. १९९ वाढला तर मात्र डिस्कला बोल लावू नकोस, आधी साटा केबल बदल — तो आकडा वाटेत बिघडलेल्या डेटाचा असतो, डिस्कच्या आतल्या दुखण्याचा नव्हे. केबल सैल, झोप गैल!

११. चार लहान डिस्कांपेक्षा दोन मोठ्या घे आणि त्यांचं मिरर कर, म्हणजे एकीवरचं सगळं दुसरीवरही — कमी डिस्का म्हणजे कमी वीज, कमी उष्णता, कमी वायरी. पुढेमागे चार-सहा मोठ्या डिस्कांवर गेलीस तर दोन मेल्या तरी तग धरेल अशी मांडणी निवड; एक मेल्यावर नवी भरली जात असताना बाकीच्यांना न थांबता राबावं लागतं, आणि दुसरी जायची ती नेमकी तेव्हाच जाते.

डिस्का झाल्या. आता विजेचं, कारण आपल्याकडे डिस्का नुसत्या म्हातारपणाने नाही, विजेच्या झटक्यानेही मरतात.

१२. कॅबिनेटबरोबर फुकट आलेलं एसएमपीएस काढून ठेव. हातात घेऊन बघ, ‘५०० वॉट’ लिहिलेलं असूनही ते रिकाम्या डब्याइतकं हलकं लागेल — आतला माल वाचवल्याशिवाय ते फुकट देणं परवडत नाही. चांगल्या कंपनीचं, ८० प्लसचा शिक्का असलेलं, ४००-४५० वॉटचं पुरे.

१३. हिशेब सुरुवातीच्या क्षणाचा कर. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते, मग पाच-सात वॉटवर शांत होते — चार डिस्का एकदम उठल्या की शंभरेक वॉटचा हिसका बसतो, आणि कमकुवत एसएमपीएस तिथेच गुडघे टेकतं.

१४. मोलेक्सचं साटा करणारा अडॅप्टर घ्यावा लागलाच तर ज्याच्या वायरी प्लास्टिकमध्ये ओतून बंद केल्यात तो घेऊ नकोस. वायरी क्लिपमध्ये दाबून बसवलेल्या दिसतात तो घे — ओतलेल्या प्लास्टिकच्या आत वायरी सरकून एकमेकींना टेकतात, आणि असे अडॅप्टर पेटलेले आहेत.

१५. ज्या प्लगात नॅस लावणार त्याचं अर्थिंग तपासून घे. तापकीर गल्लीत फिरलीस तर तीन दिव्यांचा टेस्टर मिळेल, नाहीतर वायरमनला बोलाव — जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरं भोक बऱ्याचदा शोभेला असतं.

१६. ‘घरी इन्व्हर्टर आहे की’ असं तू म्हणणार, ठाऊक आहे मला. इन्व्हर्टरच्या मागचा बारका स्विच ‘यूपीएस’कडे आहे ना ते बघ — दुसऱ्या बाजूला असेल तर लाइट गेल्यावर लागणारा तो निमिष पंख्याला कळत नाही, पण एसएमपीएसला कळतो, त्याचा दम जेमतेम १६-१७ मिलिसेकंदांचा.

१७. आणि इन्व्हर्टर असला तरी यूएसबी पोर्टचा छोटा यूपीएस मधे घाल, ‘नट’ नावाचा फुकट प्रोग्राम बसव — बॅटरी संपत आल्याचं इन्व्हर्टर नॅसला सांगत नाही, यूपीएस सांगतो आणि नॅस आवरून निजतं. गेलेली लाइट येते, लिहिता लिहिता तुटलेली फाइल येत नाही.

१८. सहा महिन्यांतून एकदा, सगळे घरी असताना, मुद्दाम यूपीएसचा प्लग काढ आणि नॅस नीट बंद होतं का ते बघ — त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि थकल्याचं पहिल्यांदा खऱ्या अंधारातच कळायला नको.

१९. डिस्कांच्या तोंडासमोर मोठा, सावकाश फिरणारा पंखा हवा आणि तापमान ४५ च्या खाली — तुझ्या सासरी नागपूरला मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, तिथे काचेच्या दाराचं दिव्याबिव्यांचं कॅबिनेट म्हणजे डिस्कांना कोंडून मारणं. जाळीचं पुढचं दार घे, दिवे लग्नात लावू.

२०. जागा निवडताना लॉफ्ट नको, फ्रिजवरची फळी नको, खिडकीशेजारची तर मुळीच नको — लॉफ्टवर उष्णता साठते, फ्रिज थरथरतो आणि खिडकीतून पाऊस येतो. मालवणच्या घरी ठेवायचं झालं तर समुद्राकडच्या खोलीत ठेवू नकोस. खाऱ्या दमट हवेने कनेक्टरांवर हिरवट गंज चढतो.

२१. कॅबिनेटच्या मागची न वापरलेली भोकं झाकून टाक — पालीला उबदार जागा आवडते, आणि मुंग्या तर वीज असेल तिथे संसारच मांडतात.

२२. दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव — हवेने गरगर फिरवलेल्या पंख्याचं बेअरिंग नाहक झिजतं. आणि ते काम बंद नॅसवर कर, हे सांगायला लागू नये, तरी सांगतो.

आता घोडा.

२३. नुसत्या फाइली आणि टीव्हीवर सिनेमे, एवढंच असेल तर इंटेलचा एन१०० बख्खळ झाला — चार कोर, टीडीपी ६ वॉट, आणि व्हिडिओ दुसऱ्या रूपात बदलण्याचं यंत्र आतच. त्याचं दुबळेपण एकच, जोडण्यांना लेन कमी. सात-आठ डिस्कांची स्वप्नं असतील तर दुसरं बघ.

२४. ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉपही चालतो, पण झाकण उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस — त्यात मोठ्या डिस्का बसायला जागा एक-दोनच असते, आणि त्याच्या एसएमपीएसचा प्लग बऱ्याचदा असा जगावेगळा की बाजारातलं दुसरं बसत नाही.

२५. बोर्डाच्या मॅन्युअलमधली बारीक अक्षरातली तळटीप वाच — कित्येक बोर्डांवर एम.२ चा स्लॉट वापरला की एखादा साटा पोर्ट मुकाट बंद होतो, आणि माणूस दोन दिवस केबली बदलत बसतो.

२६. पोर्ट कमी पडले तर हार्डवेअर रेड (RAID) कार्ड नको, ‘आयटी मोड’मधलं एलएसआय ९२११-८आय घे — रेड कार्ड मेलं की डेटा वाचायला त्याच जातीचं कार्ड शोधत फिरावं लागतं, हे मात्र डिस्का जशाच्या तशा पुढे करतं. तापतं फार, त्याला वारा लागू दे.

२७. ईसीसी, म्हणजे स्वतःच्या बारीक चुका स्वतः दुरुस्त करणारी, रॅम मिळाली तर उत्तम, पण प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिघांचं एकमत लागतं — रायझेन ५६००जी ईसीसी घेत नाही, त्याचा ‘प्रो’ भाऊ ५६५०जी घेतो. सर्व्हरातून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम स्वस्त दिसली तरी ती साध्या बोर्डावर चालत नाही. ईसीसीवाचून झेडएफएस चालतच नाही, असं कोणी ठासून सांगितलं तर त्याला चहा पाज आणि विषय बदल.

२८. सिस्टिम पेनड्राइव्हवर ठेवू नकोस, लहानशी एसएसडी दे — नोंदी लिहून लिहून पेनड्राइव्ह झिजतो.

२९. नेटवर्कची वायर घेताना आतली तार ब्लेडने खरवडून बघ. आत रुपेरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअम आहे, परत कर — ती लवकर तुटते, आणि गिगाबिटचे सेकंदाला ११० मेगाबाइट तुला कधी पूर्ण दिसत नाहीत. नॅस वायफायवर लावलंस तर मला सांगू नकोस.

३०. जुळणी झाल्यावर प्लगला वॉटमीटर लाव. ४० वॉट अखंड म्हणजे महिन्याला २९ युनिट — महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो, आणि घरात बोलणी तुलाच खायची आहेत.

३१. प्रत्येक डिस्कच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिठ्ठीवर लिहून कप्प्यावर चिकटव, आणि सगळ्याचा एक फोटो फोनमध्ये ठेव — मिररमधली एक मेल्यावर घाईत चुकून जिवंत डिस्क ओढून काढणारे थोडे नाहीत.

३२. मिररला बॅकअप म्हणू नकोस — तुझ्या चिरंजिवांनी वाढदिवसाचं फोल्डर पुसलं तर ते दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसलं जातं. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, एवढं पाळ; एका डिस्कचे पैसे त्यासाठी आधीच वेगळे काढ.

३३. ती घराबाहेरची प्रत आमच्याकडे ठेव. गणपतीला येशीलच, तेव्हा ताजी डिस्क इथे ठेवायची आणि इथली जुनी घेऊन जायची. फक्त एन्क्रिप्ट करून आण — नाहीतर तुमचे मनालीचे फोटो मामी टीव्हीवर लावून आरतीला आलेल्या सगळ्या आळीला दाखवील.