शून्याने भागाकार आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा शाखानिहाय वसुली अहवाल पोस्टग्रेस डेटाबेसमधून निघतो. एखाद्या शाखेची मागणी शून्य असली की ‘डिव्हिजन बाय झीरो’ म्हणत सगळी क्वेरी थांबते. रकमांतले स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने पडत नाहीत. काय करावे?

उत्तर : वसुलीची टक्केवारी काढताना भाजक थेट न देता नलइफ(मागणी, ०) असा द्या. मागणी शून्य असेल तर हे फंक्शन नल देते. नलने भागले की उत्तरही नल येते, त्रुटी येत नाही आणि बाकीच्या शाखांचे आकडे व्यवस्थित मिळतात.

त्या नलच्या जागी शून्य मात्र छापू नका. शून्य टक्के म्हणजे येणे असूनही वसुली झाली नाही. ज्या शाखेचे येणेच नव्हते तिच्यावर हा ठपका अन्यायाचा ठरेल. तिथे ‘लागू नाही’ असेच दिसू द्या.

दोन्ही रकाने पूर्णांकी असतील तर ४५ भागिले ६० चे उत्तर शून्य येते, कारण अपूर्णांक गळून पडतो. म्हणून वसुलीला आधी १००.० ने गुणा, मग भागा.

स्वल्पविरामांसाठी टू_चार वापरा. ‘एफएम९९,९९,९९,९९०.००’ असा साचा दिलात की १२३४५६७.५ ही रक्कम १२,३४,५६७.५० अशी दिसते. साचा सर्वांत मोठ्या रकमेला पुरेल एवढा ठेवा. अपुरा पडल्यास अंकांऐवजी ‘#’ ही चिन्हे उमटतात. टू_चारचे उत्तर मजकूर असते, त्याची बेरीज होत नाही. त्यामुळे सगळी गणिते आधी उरका, सजावट शेवटी करा.