सहाव्या वर्षाची दाढ

अगं, लेकराला सहावं लागलं ना? मग रात्री त्याचं डोकं मांडीवर घे आणि मोबाइलचा टॉर्च लावून शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे बघ. हिरडी फुगलेली दिसेल, पुढे पांढरं टोक डोकावेल. ही पहिली कायमची दाढ. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून पुष्कळ घरांत ती आल्याचं कळतच नाही. कळतं तेव्हा ती किडलेली असते आणि वर म्हणतात, "जाऊ दे, दुधाचीच आहे." दुधाची नव्हे गं, जन्माची आहे ती.

अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीची झालर असते. तिच्याखाली बिस्किटाचा लगदा अडकून बसतो. पुढच्या दाढांपेक्षा ती बुटकी, त्यामुळे नेहमीसारखा फिरवलेला ब्रश तिला लागतच नाही. ओठाच्या कोपऱ्यातून ब्रश आडवा घाल आणि तेवढी एकच दाढ घास. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. सात-आठ वर्षांपर्यंत हे काम तूच कर, पोरांचा हात तोवर नीट वळत नाही. दाढेच्या खाचा खोल असतील तर डॉक्टरांना सीलंट भरायला सांग. त्याला सुई लागत नाही.

आता दात जुळण्याचं. वरच्या-खालच्या दाढा सुरुवातीला टोकाला टोक भिडल्यासारख्या दिसल्या तरी घाबरू नकोस. दुधाचा सुळा आणि दोन दाढा जेवढी जागा अडवतात, तेवढी त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या तिघांना लागत नाही. खालच्या जबड्यात एकेका बाजूला साधारण पावणेदोन मिलिमीटर उरतात, वर त्याच्या निम्मे. दहा ते बाराव्या वर्षी दुधाच्या दाढा पडल्या, की खालची मोठी दाढ वरचीपेक्षा जास्त पुढे सरकते आणि दोघी एकमेकींत नीट बसतात.

पण हे सगळं त्या दुधाच्या दाढेच्या भरवशावर. कीड लागली म्हणून सातव्या वर्षीच ती काढून टाकली, तर मागची दाढ पुढे कलते, जागा खाते, आणि खालून येणारी उपदाढ वाकडी येते किंवा अडकून राहते. म्हणून किडलेली दुधाची दाढसुद्धा भरून घ्यायची. काढण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर जागा राखायला स्पेस मेंटेनर लागेल का, हे तिथेच विचार.

आठव्या-नवव्या वर्षी वरच्या पुढच्या दातांत फटी दिसतात. सुळे आले की बहुधा मिटतात, त्यासाठी तारा लावायची घाई नको. मात्र वरचे दात खालच्यांच्या आत जात असतील, चावताना जबडा एका बाजूला सरकत असेल, अंगठा अजून तोंडात असेल, किंवा लेकरू तोंड उघडं ठेवून झोपत असेल, तर थांबू नकोस. आणि यातलं काहीच नसलं, दुखत-खुपत नसलं, तरी सातव्या वर्षी त्याला एकदा दातांच्या डॉक्टरांकडे दाखवून आण.