जुन्या फितींचे मोल

हॉलिवूड हा अमेरिकेतील लॉस एंजल्स या शहराचा एक भाग. इ. स. १९१० नंतर तेथे चित्रपटांचा धंदा भरभराटीस आला. ते चित्रपट मुके होते. १९२७ साली ‘द जाझ सिंगर’ या चित्रपटातून पात्रांचे बोलणे व गाणे ऐकू आले आणि थोड्याच वर्षांत मूकपटांचा जमाना संपला. ज्या फितींनी मालकांना धन मिळवून दिले, त्याच आता त्यांना अडगळ वाटू लागल्या. कित्येक फिती त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी नष्ट केल्या गेल्या; कित्येक कोठारांत कुजून गेल्या. नायट्रेटची ती फीत अतिशय ज्वालाग्राही असे. १९३७ साली न्यू जर्सी राज्यातील लिटल फेरी येथे फॉक्स कंपनीच्या कोठारास आग लागली व त्या कंपनीचे बहुतेक मूकपट भस्मसात झाले.

पुढे हॉलिवूडलाच आपले बालपण आठवले. मुख्य चित्रपटाबरोबर दाखवावयाच्या लघुपटांतून मूकपटांतील दृश्ये पुन्हा पडद्यावर आली. आरकेओ कंपनीने १९४३ साली ‘फ्लिकर फ्लॅशबॅक्स’ ही माला सुरू केली. तीत त्या दृश्यांना थट्टेखोर निवेदनाची जोड दिलेली असे. जुन्या चित्रपटांतील माणसांची तुरुतुरु चाल पाहून लोकांना हसू येई. पण तो दोष नटांचा नव्हता. मूकपटांच्या काळी कॅमेरा बहुधा हाताने फिरवीत. सेकंदाला साधारणतः १६ ते २० चित्रे टिपली जात. बोलपटाचे यंत्र मात्र सेकंदाला २४ चित्रे दाखवी. मग संथपणे चालणारा माणूसही धावू लागे, यात नवल ते काय?

याच्या आदल्या वर्षी, १९४२ साली, एमजीएम कंपनीने ‘द फिल्म दॅट वॉज लॉस्ट’ हा लघुपट काढला होता. न्यूयॉर्कच्या ‘म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ या संस्थेने १९३५ साली चित्रपटांचा संग्रह सुरू केला. जीर्ण फितींना तेथे जीवदान कसे मिळते, हे या लघुपटात निवेदक जॉन नेस्बिट यांनी सांगितले. त्यात थट्टा नव्हती, तळमळ होती.

ती तळमळ किती रास्त होती, हे पुढे आकड्यांनीच सिद्ध केले. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या ग्रंथालयाने २०१३ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार सुमारे ११,००० मोठ्या अमेरिकन मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात संपूर्ण उरले आहेत.

जुन्या गोष्टींना हसण्यापूर्वी आपल्याच यंत्राचा वेग चुकत नाही ना, हे पाहावे. कारण हसण्यावारी नेलेली वस्तू जपण्याची बुद्धी सहसा कोणास होत नाही.