लहान जीवांचे आसरे

पावसाळी संध्याकाळी रातकिड्याचा आवाज नेमका कोठून येतो हे शोधू पाहणाऱ्याची बहुधा निराशाच होते. त्या दिशेने पाऊल टाकावे, तो आवाज थांबतो. रातकिड्याच्या पोटाच्या टोकाशी दोन केसाळ उपांगे असतात. हवेची किंचितशी हालचालही त्यांना जाणवते. जमिनीचे कंप पायांतील ज्ञानेंद्रियांना कळतात. एवढी सूचना मिळताच तो बिळात किंवा फटीत शिरतो.

लपण्याचे पहिले कारण अर्थातच शत्रू. पिंगळा, सरडा, बेडूक, कोळी या सर्वांचे तो भक्ष्य आहे. परंतु शत्रू जवळपास नसतानाही बहुतेक लहान जीव दिवसा दडून राहतात. याचे कारण पाणी हे होय. शरीर जितके लहान, तितके आकारमानाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ अधिक. म्हणून त्यातील ओलावाही लवकर उडून जातो. गांडूळ ओल्या त्वचेवाटे श्वसन करते; त्वचा सुकली की ते गुदमरते. कीटकांच्या अंगावर मेणाचा पातळ थर असल्याने त्यांना थोडे संरक्षण मिळते. गोमेला तेवढेही नसते.

दगडाखाली, पालापाचोळ्यात किंवा झाडाच्या सुट्या सालीखाली हवा दमट राहते. जमिनीत थोडे खोल गेले, की दिवसाची उष्णता व रात्रीचा गारवा यांतील अंतर कमी होते. अशी जागा शोधण्यास विचारशक्तीची आवश्यकता नसते. झुरळ उजेडापासून दूर पळते आणि पाठ व पोट दोन्हींना स्पर्श होईल अशा फटीत स्थिरावते. एवढ्या साध्या प्रवृत्तीने त्याला आसरा सापडतो.

रातकिड्यापुढे मात्र एक निराळाच पेच असतो. पुढचे पंख एकमेकांवर घासून नराला मादीला बोलवावे लागते, आणि तीच हाक शत्रूलाही ऐकू जाते. म्हणून बिळाच्या तोंडाशी बसून गाणे व चाहूल लागताच आत जाणे, हा मार्ग पुष्कळ रातकिडे अवलंबतात. जमीन उकरणारे त्यांचे काही भाऊबंद याही पुढे गेले आहेत. फ्रान्समधील अशा एका जातीचा अभ्यास १९७० साली प्रसिद्ध झाला. तिचा नर कर्ण्याच्या आकाराचे दुतोंडी बीळ खणतो व आत बसून गातो. बिळामुळे आवाज शांत रात्री काही शे मीटरपर्यंत पोचतो. शरीर झाकणारी जागाच येथे वाद्य बनते.

तेव्हा वाटेवरचा दगड म्हणजे अनेकांचे छत असते. तो उलटून पाहण्यास हरकत नाही. मात्र पाहून झाल्यावर तो होता तसाच अलगद ठेवावा. उघडा राहिल्यास त्याखालची ओल उन्हाने थोड्याच वेळात नाहीशी होते, आणि तेथील रहिवाशांना भर दिवसा, शत्रूंच्या नजरेसमोर, दुसरा आसरा शोधावा लागतो.