मोटारीचा परवाना आणि गांवचा मार्ग

गांवास मोटार मिळावी म्हणून केलेले अर्ज पुष्कळदां भलत्याच कचेरींत जाऊन पडतात, आणि तेथून परत येईपर्यंत शाळेचें वर्ष सरतें. महसुली दप्तरांत असे फिरते कागद आम्हीं पुष्कळ पाहिले. म्हणून परवाना कोण देतो, मार्ग कोणाचा असतो आणि शेतकऱ्यानें कोणापुढें उभें राहावें, याचा खुलासा वाचकांपुढें ठेवीत आहों.

भाडें घेऊन उतारू नेणाऱ्या मोटारीस परवाना लागतो. हा नियम १९३९ च्या मोटार कायद्यापासूनचा. सध्यांचा कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलांत आहे. परवाना देण्याचा अधिकार प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचा. परवान्याचे दोन प्रकार मात्र वाचकांनीं नीट ओळखावे. टप्पा वाहतुकीची गाडी ठरल्या मार्गानें व ठरल्या वेळीं जाते, वाटेंत उतारू घेते व सोडते, आणि प्रत्येकाकडून निराळें भाडें घेते. कंत्राटी गाडी सबंधच ठरवावयाची असते, जसें लग्नाचें वऱ्हाड. करारांत नसलेला उतारू वाटेंत घेण्याची तीस मुभा नाहीं. आपल्याकडे ज्यास ‘वडाप’ म्हणतात, त्या जीपगाड्यांचा धंदा चालतो टप्प्याचा, पण तो परवाना त्यांजवळ नसतो.

हा तंटा केवळ सरकार व गाडीवाला यांचा आहे असें कोणी समजूं नये. परवान्यावांचून गाडी चालविणारास २०१९ च्या दुरुस्तीनें पहिल्या गुन्ह्यास १०,००० रुपये दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, तें त्याचें तो पाहील. परंतु अपघात झाला तर परवान्याबाहेर गाडी वापरल्याचा बचाव विमा कंपनीस कायद्यानेंच दिला आहे. न्यायालयें पुष्कळदां कंपनीस अगोदर भरपाई द्यावयास व मागाहून मालकाकडून वसूल करावयास सांगतात. तरी तोंवर मयताच्या घरच्यांस कज्ज्याचे हेलपाटे चुकत नाहींत. अशा गाडींत बसणारास आम्ही दोष देत नाहीं. बाजाराच्या दिवशीं दुसरी गाडीच नसेल, तर माणसानें काय करावें?

टप्पा परवान्याच्या अर्जांत मार्ग, बैठकांची संख्या, रोजच्या फेऱ्या, वेळापत्रक, राखीव गाड्या, गाड्या ठेवण्याची व दुरुस्तीची सोय, उतारूंच्या सामानाची व्यवस्था, इतकें सर्व लिहावें लागतें. एक कलम मोठें मार्मिक आहे : वेळापत्रकच असें असेल कीं तें पाळण्यास गाडी वेगमर्यादेबाहेर हाकावी लागेल, तर तें सुधारण्याची संधि देऊन, न सुधारल्यास, परवाना नाकारलाच पाहिजे. मिळालेला परवाना पांच वर्षे चालतो.

आतां मुख्य अडचण. १९८८ च्या कायद्यानें परवान्याचें दार सैल केलें आणि सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं तें धोरण उचलून धरलें. मग महाराष्ट्रांतील खेड्यांत खाजगी बस कां दिसत नाहीं? कारण आपल्याकडील मार्ग पूर्वींच राखीव झाले आहेत. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास सरकारी मोटार सुटली, व पुढें शहरांतील बससेवा वगळतां राज्यांतील टप्पा वाहतूक योजनेनें एस. टी. कडे सोंपविली गेली. योजना राजपत्रांत प्रसिद्ध झाल्यावर हरकतीस तीस दिवस असतात. फेरफाराच्या नोटिशीस चावडीवर असतात त्यांच्या दुप्पट. एकदां मंजूर झाली कीं त्या मार्गावर इतरांस परवाना योजनेच्या अटींबाहेर देतां येत नाहीं.

तेव्हां नव्या फेरीची मागणी प्राधिकरणाकडे नव्हे, तर आपल्या एस. टी. आगाराच्या व्यवस्थापकाकडे करावी व प्रत विभाग नियंत्रकाकडे धाडावी. अर्ज नुसत्या विनवणीचा नसावा. ग्रामसभेचा ठराव, शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींची संख्या व त्यांची वेळ, आठवडे बाजाराचा वार, वाटेवरील वाड्या, रस्त्याची रुंदी, ओढ्यावरील फरशी पावसाळ्यांत बुडते कीं नाहीं, गाडी वळविण्यास मोकळी जागा, आणि मुक्कामी गाडी हवी असल्यास चालक-वाहकांच्या निजण्याची सोय, हें सर्व आंकड्यांनिशीं लिहावें. आगाराचें लक्ष भारमानावर असतें. कोणत्या फेरीस किती उतारू मिळतील हें त्यास गांवाइतकें दुसऱ्या कोणास सांगतां येणार? फेरी सुरू झाल्यावर गांवानेंच वडापांत बसावें आणि फेरी बंद पडली म्हणून ओरडावें, हें मात्र शोभत नाहीं.

राखीव मार्गाविरुद्ध आमची तक्रार नाहीं. २०२२ पासून पंच्याहत्तरी उलटलेल्यांस मोफत व मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्ध्या तिकिटांत प्रवास सुरू झाला तो एस. टी. नेंच, खाजगी मालक असली सवलत कशास देईल? परंतु स्वतः पेरावयाचें नाहीं आणि दुसऱ्यासही खंडानें द्यावयाचें नाहीं, अशा पडीक रानासारखा मार्ग ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. कायद्यानेंही यासाठीं एक फट ठेविली आहे : अधिसूचित मार्गावर सरकारी उपक्रमानें परवान्याचा अर्जच केला नसेल, तर प्राधिकरण इतरांस तात्पुरता परवाना देऊं शकतें, उपक्रमानें तेथें परवाना घेतला कीं तो संपतो. लोकहितासाठीं मूळ योजनेंत फेरबदल करण्याचा अधिकारही राज्य सरकारास आहे. आगाराकडून नकार आल्यास तो लेखी मागून घ्यावा. या दोन्ही वाटांस पुढें तोच कागद लागतो. म्हणून अर्ज देतांना पोंच व आवक क्रमांक घेतल्यावांचून कचेरीची पायरी उतरूं नये.